एलियासच्या ताटापाशी चाकू

बाकीस चाकूवाला माझा शेजारी. माझ्या रोटीच्या भट्टीची मागची भिंत आणि त्याच्या घराची, कारखान्याची भिंत एकच आहे. आमच्या पात्तादा गावात लोक म्हणतात, बाकीसची कानस आणि रिमेदियाची, म्हणजे माझी, जीभ, दोन्ही पहाटे सुरू होतात आणि दोन्ही कापतात. म्हणू देत. तोंडाला हात कोण लावणार!

आमच्या गावचा घडीचा चाकू साऱ्या सार्डिनियात नावाजलेला. तसे चाकूवाले गावात पुष्कळ आहेत, पण बाकीस आधी माणसाचा हात मागायचा. हात हातात घ्यायचा, उलटासुलटा करायचा, आणि मग विचारायचा, "कापणार काय?" कुणी चीज म्हणे, कुणी द्राक्षाच्या वेली, कुणी मेंढीचे खूर. त्यावरून पातं किती जाड, मूठ किती लांब, ते ठरायचं. एकदा रोमहून एक वकीलसाहेब आले. म्हणाले, "मला मूठ हस्तिदंताची हवी, आणि पात्यावर लाटालाटांची नक्षी."

"हत्ती आमच्या माळावर चरत नाहीत," बाकीस म्हणाला. "कापणार काय?"

"कापणार काही नाही. खिशात असावा म्हणून."

"मग रुमाल ठेवा."

हसून हसून माझी रोटी करपली त्या दिवशी. पण असला फटकळपणा त्याच्याकडून क्वचितच ऐकायला मिळायचा. एरवी तो मुकाच. विशेषतः एलियास गेल्यापासून.

गेला म्हणायची चोरी होती, तरी मी म्हणते. एलियास त्याचा एकुलता मुलगा, मेंढपाळ. बारा वर्षांमागे जानेवारीत बर्फ पडायला लागलं, तसा तो कळप खाली आणायला वर माळावर गेला. संध्याकाळी कळप आपसूक परत आला. पुढे त्याचा म्होरक्या एडका, त्याला आम्ही सरपंच म्हणायचो, कारण चालायचाही तसाच, छाती काढून. त्या संध्याकाळी सरपंचाच्या गळ्यात घंटा होती आणि डोक्याला एकच शिंग. दुसऱ्याच्या जागी नुसतं रक्त. एलियास मागे नव्हता. सगळा गाव कंदील घेऊन फिरला, पोलिसांनी कुत्री आणली, काही उपयोग झाला नाही. बर्फ वितळल्यावर बाकीस एकटाच वर गेला, आणि घळीच्या काठावर त्याला ते शिंग सापडलं. तेवढंच सापडलं.

एडक्याचं शिंग असंतसं उपटत नाही हो. कुणीतरी जीव खाऊन धरलेलं असावं लागतं. हे सगळ्यांना कळलं आणि कुणीही बोललं नाही. बोलणार कुणापुढे? माल्लेनापुढे?

माल्लेना, बाकीसची बायको, हिने कधी काळं घातलंच नाही. मुलासाठी चर्चमध्ये प्रार्थना सांगितली नाही. पाद्री घरी समजवायला आले तर म्हणाली, "प्रेत दाखवा, मग मी रडते." एलियासची लोकर कातरायची कातर चुलीजवळ खिळ्याला टांगलेली. दर शनिवारी ती कातर उतरवायची, तेल लावायची, पुन्हा टांगायची. "आल्यावर कातरेल कशाने?" म्हणायची.

आणि नोव्हेंबरातल्या मृतांच्या रात्री तर पाहवत नसे. त्या संध्याकाळी आम्ही घरोघरी आपल्या गेलेल्यांसाठी टेबल मांडतो. मकारोनी, वाइन, रोटी. दार नुसतं लोटून ठेवतो आणि झोपतो. टेबलावर चाकू मात्र ठेवायचा नाही. काटासुद्धा नाही. मेलेल्यांच्या हाती पोलाद देऊ नये, जुना राग असतो कुणाचा. जिवंत माणूस बाहेरगावी असेल आणि उशिरा येणार असेल, तर त्याचं ताट वेगळं, त्याला चाकू. माल्लेना आपल्या आईला, बापाला, भावाला बिनचाकूची ताटं मांडायची. चौथं ताट एलियासचं. त्याच्या उजव्या हाताला बाकीसने केलेला चांगल्यातला चांगला चाकू, उघडून ठेवलेला. मी दरवर्षी रोटी द्यायला जायची, आणि तो चाकू पाहून माझ्या काळजाचं पाणी पाणी व्हायचं. मेलेल्यांच्या पंगतीत एकच चाकू! पण सांगायची छाती मला झाली नाही, आणि माझ्यासारखीला झाली नाही तर कुणाला होणार.

घरात आणखी एक जीव होता, पास्का, एलियासची मुलगी. बाप गेला तेव्हा आठ वर्षांची. तिची आई कामाला म्हणून समुद्रापलीकडे ट्युरिनला गेली ती तिकडचीच झाली. त्याबद्दल मी बोलत नाही, कारण एकदा सुरू झाले की रोट्या राहतील. पास्का आजीआजोबांनी वाढवली. शाळा संपली तशी पोरीने सरळ कळप धरला. बापाचीच चाल, बापाचाच आडमुठेपणा.

गेल्या हिवाळ्यात सरपंच म्हातारा होऊन मेला. बाकीसने त्याची घंटा सोडवून आणली आणि कारखान्यात तुळईला अडकवली, त्या शिंगाशेजारी. बाकीसच्या तुळईवर शिंगं वर्षानुवर्षं वाळत असतात. ओलं शिंग पुढे आकसतं, पात्याला चावतं, म्हणून तो घाई करत नाही. सगळ्या शिंगांना गिऱ्हाईक मिळायचं. खिडकीजवळचं ते एक मात्र कुणी मागितलं तरी देत नसे.

पास्काने मागितलं.

"आजोबा, मला चाकू करा. मूठ त्या शिंगाची, आणि पातं बाबाच्या कातरीचं."

आमच्याकडे मेंढपाळाला पहिला चाकू बापाच्या हातून मिळतो. तोपर्यंत तो नुसता पोऱ्या. पास्का वीस वर्षांची झाली, सत्तर मेंढ्या सांभाळते, आणि कुरणावर दोर कापायचा तर शेजारच्या मेंढपाळाकडे हात पसरते. "काय गं, नवऱ्याकडे मागशील का चाकू?" असं चिडवायचे मेले.

बाकीसने तिचा हात हातात घेतला, उलटासुलटा केला. विचारलं काहीच नाही. जेवताना त्याने माल्लेनापुढे विषय काढला. भिंतीतून मला सगळं ऐकू आलं, कान लावावा लागला नाही.

"कातरीला हात लावाल तर याद राखा!" माल्लेना ओरडली. "माझं पोर अजून यायचंय, आणि तुम्ही त्याच्या वस्तू वाटून घ्यायला बसलात? गिधाडं बरी!"

"आजी, बारा वर्षं झाली."

"मोजणारी तू कोण?"

झालं. कातर तोडली म्हणजे एलियास मेला. न तोडली तर ही पोर जन्मभर बिनचाकूची. दोघींमध्ये बाकीस, आणि बाकीसला तर शब्द विकत आणावे लागतात. त्याने काय करावं? दुसऱ्या दिवशी खिडकीजवळचं शिंग उतरवलं आणि मूठ घडवायला बसला. सगळे चाकूवाले आधी पातं करतात, मग त्यावर मूठ बसवतात. याने उलटं केलं. शिंग विस्तवावर ऊब देऊन सरळ केलं, कापलं, घासलं. मधासारखा रंग, टोकाला काळी झाक. पितळेचं वेढणं बसवलं. पात्याची फट रिकामी ठेवली आणि ती बिनपात्याची मूठ घंटेच्या शेजारी टांगून दिली.

"म्हाताऱ्याला भ्रम झाला," बाजारात लोक म्हणाले. मीच दोघांचे कान उपटले.

पण खरं सांगते, तेव्हापासून माझीही झोप उडाली. रोज दिवेलागणीला, कळप परतायच्या वेळी, भिंतीपलीकडे घंटा वाजायची. एकदाच, जड, जशी सरपंच दारात थांबला की वाजायची तशी. माल्लेना हातातलं टाकून दारात यायची, रस्त्याकडे बघायची. मग परत आत. मी चार दिवस सोसलं. पाचव्या दिवशी कारखान्यात जाऊन बाकीसला झाडलं, "ती घंटा उतरव आधी! वाऱ्याने वाजते आणि त्या बिचारीच्या जिवाला घोर लागतो."

त्याने घंटा काढून माझ्या हातात दिली. मी उलटी करून पाहिली. आत लोलकच नव्हता.

"पहिल्याच दिवशी काढला, रिमे," तो हळूच म्हणाला. "मलाही ऐकवेना."

मी घंटा खाली ठेवली आणि घरी येऊन बसले. त्या दिवशी पीठ मळलंच नाही.

जूनमध्ये मेंढ्यांची कातरणी आली. त्यानंतरच्या शनिवारी मी भट्टीतून रोट्या काढत होते तोच रस्त्यावर आरडाओरड ऐकू आली. माल्लेना! अनवाणी, केस मोकळे, हातात ती कातर, आणि चेहरा असा उजळलेला की वीस वर्षांनी लहान दिसत होती.

"आला गं, रिमेदिया, आला! बघ, बघ!" तिने कातर माझ्या नाकाशी धरली. पात्यांच्या मध्ये लोकरीचा पुंजका अडकला होता, ताजा, मेणचट. "त्याने कातरलं! मला न उठवता घेऊन गेला आणि कातरून ठेवून गेला. लाजतोय, इतक्या वर्षांनी तोंड कसं दाखवायचं म्हणून!"

बाया दारात आल्या. कुणी छातीवर क्रूसाची खूण केली. मलाही, देवाची शपथ, क्षणभर खरं वाटलं. तेवढ्यात चौकातून पास्का आली. आजीला पाहिलं, कातर पाहिली, आणि जागच्या जागी थिजली.

मला कळलं. माझ्याआधी बाकीसला कळलं असावं, कारण तो कारखान्याच्या दारात उभा राहून मान हलवत होता, नको, नको म्हणून. पोर गप्प राहिली असती तर म्हातारी सुखात मेली असती. पण पास्का एलियासची मुलगी.

"आजी, मी होते," ती म्हणाली. "माझ्या हाताला दुसरी कातर बसत नाही. बाबाचीच बसते. मी नेली होती. पुसायची राहिली."

माल्लेनाने तिच्याकडे पाहिलं. मग लोकरीचा तो पुंजका बोटांनी काढला, मुठीत धरला आणि घरात गेली. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. पास्का तिथेच रस्त्यात बसून हमसून हमसून रडली, आणि मीही तिच्याजवळ बसून रडले. रोट्या जळाल्या त्या जळाल्या.

सगळा उन्हाळा ते घर मुकं होतं. शनिवारी कातर खाली उतरली नाही. पाऊस सुरू व्हायच्या सुमाराला एके सकाळी माल्लेना कारखान्यात आली. मी तेव्हा बाकीसला रोटी द्यायला गेलेले. तिने कातर ऐरणीवर ठेवली.

"एकच पातं घ्या," म्हणाली. "दुसरं मला राहू दे."

बाकीसने भट्टी पेटवली. पातं लाल केलं, ठोकलं, आमच्या माळावरच्या मिर्तोच्या झुडपाच्या पानासारखं लांबट, टोकदार केलं. तेलात बुडवलं तेव्हा माल्लेनाने डोळे मिटले. सबंध वेळ ती उभी होती, बस म्हटलं तरी बसली नाही. मग कानस, मग दगड, मग त्या रिकाम्या फटीत पातं बसवून पितळी खिळा ठोकला. आमच्या या जुन्या घडणीच्या चाकूला आत स्प्रिंग नसते, शिंगाच्या पकडीवरच पातं उभं राहतं. बाकीसने उघडून पाहिलं. घट्ट बसलं होतं. "सोडत नाही," तो पुटपुटला, आणि त्याने तोंड वळवलं.

दुसरं पातं माल्लेनाने एप्रनमध्ये गुंडाळून नेलं. चुलीजवळ पुन्हा खिळ्याला टांगलं, तेल लावून.

मृतांच्या संध्याकाळी मी रोट्या घेऊन त्यांच्याकडे गेले. दिवेलागणीची वेळ होती, बाहेर धुकं. टेबल मांडलेलं. आईचं ताट, बापाचं, भावाचं. चौथं ताट एलियासचं, आणि त्याच्या उजव्या हाताला नवा चाकू, उघडा. तो पास्काने ठेवला होता. "बापाच्या हातून मिळतो ना," ती मला हळूच म्हणाली. "मग त्याच्यापाशीच ठेवला. आजी दरवर्षी ठेवते तसाच. त्याला द्यायचा तर देईल."

बाकीस चुलीजवळ टोपी हातात घेऊन उभा. माल्लेना आतून मकारोनीचं भांडं घेऊन आली. काळा पोशाख घातलेला. अंगाला सैल होत होता, बहुधा तिच्या आईचा. तिने वाढलं. एक, दोन, तीन ताटं. चौथ्यापाशी थांबली.

तिने चाकू उचलला. हळूच मिटला, एप्रनला पुसला आणि पास्काच्या हातात दिला.

"घे," म्हणाली. "तुझ्या बापाने दिला. आज त्याच्या ताटापाशी नको."

पास्काने मूठ आवळली. माझ्या तोंडून शब्द फुटेना, आणि हे मी आयुष्यात पहिल्यांदा सांगते आहे. माल्लेनाने माझ्या हातातली रोटी घेतली आणि चौथ्या ताटात हाताने तोडायला लागली. लहान लहान तुकडे, जसे दात न आलेल्या पोराला करून देतात तसे.

तेवढ्यात कारखान्यात ती बिनलोलकाची घंटा वाजली. एकदाच.

माझी नजर दाराकडे गेली. बाकीसची गेली, पास्काची गेली. माल्लेनाने मानही वळवली नाही. तिने चौथी खुर्ची जरा मागे ओढली, बसणाऱ्याला पाय आत घालता येतील एवढी.

"बस रे बाळा," ती म्हणाली. "निवतंय."