विजेला भिणारे आमचे साडू

माझ्या मोठ्या साडूंइतका विजेला घाबरणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि अशा माणसाने जन्मभर केलं काय, तर मालेगावात बारावीच्या पोरांना वीज शिकवली. घरातलं बटण दाबायचं म्हणजे ते आधी हात कोरडे करीत, मग पायात रबरी चप्पल आहे ना ते पाहत, आणि मग बायकोला हाक मारीत. थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज झाला की स्वेटर डोक्यात अडकलेला, हात वर, तसेच उभे राहत. "चार्ज आला हाय, कोणी हात नोका लावू," असं आतून ऐकू येई. ताई, म्हणजे त्यांची बायको, तो स्वेटर खसकन ओढून काढी. "रोजच येते थो चार्ज. मले तं कधी काही झालं नाही."

एकदा त्यांना घ्यायला गेलो आणि वर्गात मागे जाऊन बसलो. फळ्यावर दोन सारखे धन चार्ज काढलेले, बरोबर मधे तिसरा. "याले हा इकडून ढकलते, थो तिकडून ढकलते. आता हा गरीब जाईन कुठं?" आवाज असा खोल गेला की पोरींनी वह्या छातीशी धरल्या. बलांची बेरीज शून्य आली तेव्हा साडूंनीच रुमालाने घाम पुसला. गाउसचा नियम मात्र ते हसत शिकवत. धातूचं बंद खोकं घ्या, बाहेरून कितीही चार्ज द्या, तो सगळा बाहेरच्या अंगाला राहतो आणि आत विद्युत क्षेत्र शून्य. भ्यालेल्या माणसाला जगात बसायला तेवढी एकच जागा सापडली होती.

तीन वर्षांमागे, सोयाबीनच्या सोंगणीत, म्हणजे कापणीच्या दिवसांत, आसेगावचा एक साखरपुडा उरकून आम्ही दोघं माझ्या गाडीने परतत होतो. चार वाजताच आभाळ काळं झालं आणि विजा सुरू झाल्या. "थांबवा. काचा वर घ्या. लोखंडाले हात नोका लावू," असं म्हणून साडू डोळे मिटून बसले. कडाडलं की त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्यावर आपटे. खरं सांगायचं तर दर कडकडाटाला मीही डोकं खाली घालत होतो. तेवढ्यात लखकन उजेड पडला आणि बांधावर एकटं उभं असलेलं निंबाचं झाड दिसलं. त्याच्या बुंध्याला चिकटून तीन बाया बसल्या होत्या, डोक्यावर पोती घेऊन.

मी साडूंना हलवून तिकडे बोट दाखवलं. मग साडूंनी दार उघडलं. पाय एकमेकांजवळ ठेवत, वाकून, तुरुतुरु असे ते बांधाकडे निघाले की एरवी मी पोट धरून हसलो असतो. मी गाडी झाडाच्या शक्य तितकी जवळ नेली.

"चला, गाडीत बसा!" साडूंनी हाक दिली.

त्यांतल्या म्हातारीने साडूंना ओळखलं, पण ती जागची हलेना. "गाडी लोखंडाची हाय मास्तर! इज लोखंडावरच पडते. आमी झाडाखालीच बऱ्या."

साडूंनी तिला चार्ज सांगितला, बाहेरचं अंग सांगितलं, आतलं शून्य सांगितलं. पुन्हा कडाडलं. ते मटकन खाली बसले, कानांवर हात, आणि रडवेल्या आवाजात ओरडले, "माय, मी तुयापेक्षा जास्त भेतो वं! मी जथी बसतो, तथी बस!"

म्हातारीने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि उठली. तिच्यामागे दोघी उठल्या.

अर्धा तास आम्ही पाच जण ओल्या पोत्यांच्या वासात, अंग आखडून बसलो. झाडावर वीज पडली नाही, गाडीवरही नाही. पाऊस सरला, बाया विळे घेऊन उतरल्या. "पडली तं नाही मास्तर," म्हातारी म्हणाली. "नाही पडली माय," साडू म्हणाले. इतक्या सुखाने बोललेलं वाक्य मी त्यांच्या तोंडून दुसरं ऐकलेलं नाही. पुढे रस्त्यात हळूच मला म्हणाले, "सिद्धता हजार वेळा केली भाऊ फळ्यावर. पण तथी आपण खुद्द खोक्याच्या आत नसतो ना."

आता ते निवृत्त होऊन लेकीकडे नागपूरला गेलेत. त्या रस्त्याने मी एकटाच जातो. आभाळ भरून आलं की गाडी कडेला घेतो, काचा वर करतो आणि लोखंडापासून हात दूर ठेवून बसतो. त्या सिद्धतेचं गणित मला कधी कळलं नाही. आणि माझ्यापेक्षा जास्त घाबरणारं शेजारी आता कोणी नसतं.