रंग उडालेली बाटली

“बघा, गंगाजल!”

आमच्या चीफ साहेबांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सकाळी त्याच बाटलीत मी गडद जांभळं परमँगनेट भरलं होतं.

दोन हजारनंतरची पहिली वर्षं. नाशिकजवळच्या एका कारखान्याच्या स्वतःच्या पॉवर प्लांटमध्ये मी केमिस्ट होतो. कोळशात किंचित पारा असतो. कोळसा जळला की तो वाफ होऊन धुरातून निघतो. आमच्याकडे नवा स्क्रबर बसवला होता; स्क्रबर म्हणजे धुराला चुन्याच्या पाण्याची आंघोळ. त्यात गंधकाचा वायू अडतो, थोडा पाराही. चिमणीतून किती पारा सुटतोय हे पाहायला धूर जांभळ्या बाटलीतून सोडायचा. परमँगनेट पारा धरून ठेवतं. पण गंधकाचा वायू आत शिरला तर तो परमँगनेटलाच खातो. रंग गेला, की पहारेकरी मेला. म्हणून आधी पेरॉक्साइडच्या बाटल्या लावतात, तो वायू तिथेच थोपवायला. साहेबांनी वेळ वाचवायला नेमक्या त्याच काढून ठेवल्या होत्या.

“रंग गेला म्हणजे धूर स्वच्छ,” साहेब म्हणाले. “‘पारा निरंक’ लिहा आणि सही करा. त्या बाईची तक्रार आजच बंद करू.”

ती बाई म्हणजे कुंपणापलीकडच्या हौसामावशी. आमच्या धुरानं त्यांची मिरची करपत होती, आणि त्यांच्या तक्रारीवरूनच ही तपासणी लागली होती. आज तक्रार बंद झाली असती, तर स्क्रबरची ट्रायल पास, आणि पुन्हा कोणी तपासायला फिरकलं नसतं.

“मी सही करणार नाही.”

“मग रजेवर जा. सही करणारे पुष्कळ आहेत.”

तपासणीला येणाऱ्या प्रदूषण मंडळाच्या मॅडम नाशिकच्या द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकल्या होत्या. मी तडक मळा गाठला. “मावशी, मिरचीच्या भुरी रोगावर मारायचं गंधक आहे का? आणि एक जुना चमचा?”

“हाय की. पण तुमच्या चिमणीतून फुकाट येतंय, ते पुरंना व्हय?”

मॅडम प्लांटवर आल्या. चहा आला. चमचा परत न्यायला मावशीही आल्या, त्या दारातच उभ्या. मी बरणीत पातळसं जांभळं पाणी घेतलं, चमच्यातलं गंधक पेटवून आत धरलं, मग झाकण लावून खळखळ हलवलं. जांभळा रंग गायब!

“साहेब, हा धूर स्वच्छ ना? मग घाला नाक.”

साहेब खुर्चीसकट मागे सरकले.

“हुंगा की!” मावशी दारातून म्हणाल्या. “आमी रोजच हुंगतो, लय चव हाय त्याला.”

मॅडम हसल्या नाहीत. “पेरॉक्साइडच्या बाटल्या कुठे आहेत?” त्यांनी विचारलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

बाटल्या लावून मॅडमसमोर पुन्हा नमुना घेतला. या वेळी जांभळा रंग टिकला, आणि त्यात पारा सापडला. ट्रायल नापास झाली, मावशींची तक्रार उघडी राहिली. स्क्रबर उघडून दुरुस्त करावा लागला. माझी बदली राखेच्या तलावावर झाली.

राग अजून जात नाही, कारण साहेब अडाणी नव्हते. केमिस्ट्रीचेच पदवीधर होते. तेव्हापासून कोणी “काही सापडलं नाही” म्हणालं, की मी आधी विचारतो, शोधणारा पहारेकरी जिवंत होता का?