बिनबटनांचा मिक्सर आणि केशोरीची गाणी

मुलांनो,

गेल्या रविवारी तुमच्यापैकी थोरल्याने फोनवर सांगितलं की त्याने कॉलेजात मित्रांबरोबर रेकॉर्डिंगची खोली थाटली आहे आणि मिक्सर काही केल्या संगणकाचं ऐकत नाही. मग हसत विचारलं, "आजी, काका म्हणतो गोंदियात असंच झालं होतं तेव्हा तू दुरुस्त केलंस. खरं का?" खरं आहे. पण काकाने निम्मंच सांगितलं आहे. अशा गोष्टी फोनवर नीट सांगता येत नाहीत, आणि आणखी काही वर्षांनी मलाही त्या इतक्या क्रमाने आठवतील याची खात्री नाही. म्हणून लिहून पाठवते.

दोन हजार पंधराच्या आसपासची गोष्ट. काकाने घराच्या मागच्या दोन खोल्यांत स्टुडिओ केला होता. झाडीपट्टीच्या नाटकांची गाणी, जयंतीची गीतं, लग्नाच्या व्हिडिओंचे आवाज असं काम चाले. एका खोलीत गाणारे बसत. तिच्या भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या. दुसऱ्या खोलीत संगणक असे, कारण त्याचा पंखा फार घोंघावे. गाणाऱ्यांच्या खोलीतला डिजिटल मिक्सर म्हणजे पोळ्यांच्या डब्याएवढी काळी पेटी होती. पुढे माइक लावायची भोकं, आणि फिरवायचं बटन एकही नाही. कोणता माइक किती मोठा करायचा, कोणता बंद ठेवायचा, ते सगळं संगणकातल्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधून सांगायचं. गाणाऱ्याचा आवाज एका वायरने संगणकात येई, आणि संगणकाचे हुकूम दुसऱ्या वायरने, भिंतीवरच्या राउटरमधून, मिक्सरकडे जात. हे दोन रस्ते वेगळे आहेत, एवढं लक्षात ठेवा.

केशोरीची आजी तुम्हाला आठवत असेल. तुम्हाला बोरं पाठवायची ती. माझे वडील केशोरी गावच्या शाळेत शिक्षक होते आणि ती आमच्या शेजारची. मी इंग्रजी शिकायला नागपूरला गेले, ती धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरांत, राहिली. रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाला की चिखलात वाकलेल्या बायकांच्या रांगेत पहिली ओळ ती म्हणे आणि बाकीच्या तिच्यामागून उचलत. तिच्या आईकडून आलेली नऊ गाणी तिच्याशिवाय कोणालाच पूर्ण येत नव्हती. मी कितीदा सांगितलं की एकदा येऊन रेकॉर्ड करून जा. "बांधीतलं गाणं बांधीत," एवढंच तिचं उत्तर.

त्या वर्षी तिच्या घशात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि आवाज राहील की नाही, ते सांगता येत नाही म्हणाले. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला. "येऊन राहिली मी सकाळच्या गाडीनं. नागपूरची गाडी अडीचले आहे. तोवर भरून घे, जे भरायचं ते."

ती मुलाबरोबर आली तेव्हा दहा वाजून गेले होते. मुलगा नागपूरची तिकिटं काढायला पुन्हा स्टेशनवर गेला. मी तिला गाद्यांच्या खोलीत चटईवर बसवलं. काकाने माइक लावला आणि ती एक ओळ म्हणाली. संगणकात तो आवाज असा आला, जणू कोणी तळ्याच्या पलीकडून म्हणतंय. कारण साधं होतं. आदल्या दिवशी ढोलवाले येऊन गेले होते आणि त्यांच्यासाठी सगळे माइक अगदी बारीक केलेले होते. काकाने पडद्यावर माइकची पट्टी वर सरकवली. पट्टी सरकली, आवाज तेवढाच.

"नंतर मोठा करता येत नाही का?" मी विचारलं.

"येतो. पण खरखरही तेवढीच मोठी होते. मग पाऊस पडून राहिला असं वाटेल, गाणं नाही."

त्याने वायर बदलली. सॉफ्टवेअर बंद करून दोनदा सुरू केलं. मिक्सर हलेना. मग त्याने ज्याच्याकडून पेटी घेतली होती त्या नागपूरच्या दुकानदाराला फोन लावला. दुकानदाराचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"भैया, पीछे एक छोटा छेद दिख रहा है? उसमें पिन डालो, दस सेकंड दबाके रखो. सब नया हो जाएगा."

"आई, साडीपिन दे," काका म्हणाला.

मी दिली नाही. "सगळं नवं झालं की जुनं काय जातं?"

"सगळ्या सेटिंग जातात. मी परत करतो."

"किती वेळात?"

"दोनेक तास."

"म्हणजे चूक कुठे आहे ते न बघताच तू पाटी पुसणार, आणि ती गाडीत बसणार."

चटईवरून केशोरीची आजी म्हणाली, "काऊन वं, एवढं इंग्रजी शिकली तू, अन् एका डब्यासंग बोलता येत नाही तुले?"

"तू बोलू नकोस. घसा राखून ठेव."

"कायले राखू? उद्या तर कापूनच राहिले."

मग मी मिक्सरचं पुस्तक मागितलं. ते प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही निघालेलं नव्हतं. इंग्रजीचे पेपर तपासण्यात माझी तीस वर्षं गेली. मजकूर परका असला तरी प्रश्न नेमका काय विचारला आहे ते शोधायची सवय होती. नेटवर्कचं प्रकरण मी दोनदा वाचलं आणि मग काकाला एकेक विचारत गेले.

"आवाज येतो आहे. म्हणजे मिक्सर जिवंत आहे आणि ती वायर ठीक आहे?"

"हो."

"राउटरवर दिवा लुकलुकतो आहे. म्हणजे दुसरी वायरही लागली आहे?"

"हो, आई."

"मग हुकूम जातो कुठे? पुस्तकात लिहिलंय, मिक्सरचा पत्ता द्यावा लागतो."

"दिलाय ना. शेवटचा आकडा शंभर. वर्षभर तोच आहे."

"हा शंभर त्याला कोणी दिला?"

"राउटर देते."

"आजही त्यानं शंभरच दिलाय, हे तू पाहिलंस?"

त्याने पाहिलं नव्हतं. राउटरमध्ये जोडलेल्या यंत्रांची यादी पडद्यावर उघडता येते, हेही पुस्तकातच होतं. त्याने ती उघडली. दोनच नावं होती. शंभरावर आमचा संगणक, एकशे एकवर मिक्सर. म्हणजे सकाळपासून संगणक सगळे हुकूम स्वतःलाच देत बसला होता.

राउटरचे हे आकडे म्हणजे वर्गातले हजेरी क्रमांक, पण आडनावावरून लावलेले नव्हेत. जो आधी दारात आला तो शंभर, दुसरा एकशे एक. वीज गेली की आमचा राउटर सगळं विसरे आणि पुन्हा नव्याने क्रमांक वाटे. काका नेहमी आधी मिक्सर लावी आणि मग संगणक, म्हणून वर्षभर शंभर मिक्सरकडेच राहिला. त्याला वाटलं, तो मिक्सरचा कायमचा क्रमांक आहे.

आता काकाने तुम्हाला न सांगितलेला भाग. भारनियमनाच्या वर्षांत वीज परत येताना एकदम जोरात येई. एकदा त्यात आपला फ्रीज गेला. तेव्हापासून मी रोज रात्री घरातली सगळी बटनं बंद करते आणि सकाळी एकेक करून लावते. मागच्या खोल्यांना मात्र मी हात लावत नसे. त्या दिवशी पाहुणी यायची म्हणून सकाळची वंदना आटोपून मी तिथेही झाडलं, पुसलं, राउटरसकट सगळी बटनं बंद केली आणि मग लावली. दाराजवळून सुरुवात केली. दाराजवळ संगणक होता, वीज मिळताच आपोआप सुरू होणारा; शंभर त्याने घेतला.

मी काकाला हे तिथल्या तिथे सांगितलं. त्याच्या आधी केशोरीची आजीच बोलली. "बरं झालं तूच बिघडवलं. दुसऱ्यानं बिघडवलं असतं तर तुले सापडलं नसतं."

काकाने सॉफ्टवेअरमध्ये एकशे एक घातलं. पट्टी सरकवली आणि आवाज खोलीत भरला. पण आता मिक्सर काय करतो आहे ते पडद्यावर दिसेना. हुकूम जात होता, उत्तर येत नव्हतं.

"मघाशी सुरू करताना मधेच एक चौकट आली होती," मी म्हटलं. "काय लिहिलं होतं तिच्यात?"

"होतं काहीतरी. मी कॅन्सल केलं."

पुन्हा सुरू करायला लावलं, पण चौकट पुन्हा आली नाही. एकदा नाही म्हटलेलं संगणकाने धरून ठेवलं होतं. या प्रोग्रामला नेटवर्कवरून येणारं घेऊ द्यायचं का, एवढाच त्या चौकटीतला प्रश्न होता, हे पुस्तकात सापडलं. संगणकाच्या सुरक्षेच्या यादीत जाऊन काकाने तो नकार काढला. लगेच पडद्यावरच्या हिरव्या रेषा तिच्या श्वासाबरोबर हलू लागल्या. साडेअकरा वाजत आले होते.

आता अडचण वेगळीच निघाली. ती दोन ओळी म्हणे आणि चाल हरवे. "हात रिकामे आहेत ना," ती म्हणाली. "रोवताना हातात परे राहतात." परे म्हणजे धानाची रोपं. मी त्यांच्याऐवजी स्वयंपाकघरातून मेथीची जुडी आणली. तिने ती डाव्या हातात धरली आणि उजव्या हाताने चिमूट चिमूट काढून चटईवर रोवू लागली. मग गाणं कुठे अडलं नाही. पहिलं गाणं भावाचे बैल अजून का आले नाहीत ते विचारणारं होतं, दुसरं सासूच्या हातच्या पेजेचं. मेथीची सळसळ रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येते. काकाला ती काढून टाकायची होती. मी काढू दिली नाही.

दीडच्या पुढे तिचा आवाज घोगरा होऊ लागला. नववं गाणं अर्ध्यावर आलं आणि ती थांबली. पाणी प्यायली, पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली.

"याच्यापुढचं तुले येते," ती मला म्हणाली. "लहानपनी म्हणत होती तू."

"शब्द येतात. गाता येत नाही."

"मंग लिहून घे. लिहिता तर येते."

तिचा मुलगा दारात येऊन उभा होता. ती हातातली मेथी चटईवर ठेवून उठली आणि दोघं स्टेशनवर गेले.

ऑपरेशन नीट झालं. ती आजही केशोरीत आहे, पण बोलते ते कुजबुजल्यासारखं, आणि गात नाही. रोवण्याच्या दिवसांत मुलाचा मोबाइल घेऊन शेताच्या कडेला धुऱ्यावर बसते आणि ही गाणी लावते. बांधीतल्या बायका तिच्याच आवाजामागून ओळ उचलतात.

मिक्सर काकाने पुढे विकला. त्या दिवशीची आठ गाणी पूर्ण आहेत. नववं अर्धं आहे आणि त्याच्या उरलेल्या चार ओळी माझ्या अक्षरात आहेत.