हजेरीबाई आणि शीळफाट्याची वजनं

कोणतीही फाइल हाती आली की हजेरीबाई आधी तिची हजेरी घेत. आर या संगणकी भाषेत आकडे आत आणले की लगेच सरासरी काढायचा मोह होतो. बाई तो होऊ देत नसत. नेम्स ही आज्ञा द्यायच्या आणि पडद्यावर उमटलेली कॉलमांची नावं वर्गातल्यासारखी मोठ्याने वाचायच्या. "नाव. गाव. वय. उंची. वजन. हां, सगळे आलेत. आता चालू दे." तोंडावर आम्ही त्यांना 'बाई' म्हणायचो आणि पाठीमागे 'हजेरीबाई'. पाठीमागचं नाव त्यांना ठाऊक होतं.

आमची संस्था लहान मुलांच्या तपासणी केंद्रांची माहिती सांभाळायची. ऑफिस ठाण्यात. जुनी कंपनी बंद पडल्यावर पंचेचाळिशीत मी तिथे लागलेलो, तेही 'काही महिने बघू, मग कायम करू' या बोलीवर. शेजारची पोरं भराभर टाइप करायची. मी भीत भीत. डॉलरचं चिन्ह, पुढे कॉलमचं नाव, एंटर. आणि उत्तर यायचं 'नल'. म्हणजे काहीच नाही. चूक झालीय एवढंही यंत्र सांगायचं नाही.

"बाई, यात कॉलमच नाहीये."

"असेल रे. तू ज्या नावाने हाक मारतोस, त्या नावाचा नसेल. त्याला घरी काय म्हणतात ते विचार."

बाई मूळच्या बाळकुमच्या. वडील मिठागरात राबलेले. आता घराच्या जागी टॉवर, आणि वरच्या मजल्यावर बाई. एकदा त्यांच्याबरोबर रिक्षात होतो. बाईंनी जागेचं गावातलं जुनं नाव सांगितलं. रिक्षावाला म्हणाला, "असं काही नाही इथे." मला राग आला. बाई मात्र शांतपणे खुणा सांगू लागल्या: डावीकडे देऊळ, पुढे गॅरेज. त्याने टॉवरचं इंग्रजी नाव घेतलं. "तेच ते," बाई म्हणाल्या, "चल आता."

मग शीळफाट्याचं प्रकरण झालं. तिथल्या केंद्रात नवीन सिस्टर आल्या होत्या. आधीच्या नर्सला नोंदी ठेवल्या नाहीत म्हणून काढून टाकलेलं. नव्या सिस्टरांची पहिली फाइल माझ्याकडे आली. मी वजनाचा कॉलम मागितला: नल. पुन्हा मागितला: नल. साहेब अहवालासाठी डोक्यावर बसलेले. मी हजेरी घेतली नाही, फाइल उघडूनही पाहिली नाही. सरळ पत्र लिहायला बसलो: शीळफाटा केंद्राने मुलांची वजनं घेतलेली नाहीत. हे पत्र गेलं असतं तर त्या नव्या सिस्टरांचीही नोकरी गेली असती, आणि ते मला लिहितानाच ठाऊक होतं.

हजेरीबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. पत्र वाचलं. "पाठवलंस?"

"नाही अजून."

"बरं." त्यांनी कीबोर्ड ओढला आणि वाचायला लागल्या. "श्री. एक्स. एक्स-एक. एक्स-दोन." थांबल्या. "हे श्री कोण आलेत?"

फाइल उघडली. सिस्टरांनी नव्या वहीवर लिहावं तसं पहिल्या चौकटीत 'श्री' लिहिलं होतं आणि खालच्या ओळीपासून कामाला सुरुवात केली होती. यंत्राने ती पहिली ओळच कॉलमांचे मथळे मानली आणि शेजारच्या रिकाम्या चौकटींना आपल्या मनाने एक्स, एक्स-एक अशी नावं दिली. खरे मथळे घसरून मुलांच्या रांगेत उभे. म्हणजे केंद्रातलं पहिलं बाळ: नाव 'नाव', गाव 'गाव', वजन 'वजन'. सगळं ऑफिस हसलं.

"त्यांना सांगा ना श्री काढायला," एक पोरगा म्हणाला.

"कशाला? त्यांनी सुरुवात नीटच केलीय. आपण एक ओळ सोडून वाचू." बाईंनी आज्ञेत स्किप, म्हणजे 'सोड', या शब्दापुढे एक लिहिला. शीळफाट्याची सगळी बाळं आपापल्या वजनांसकट पडद्यावर उतरली. पत्र मी पुसलं. बाई त्यावर पुन्हा कधी बोलल्या नाहीत. पण माझ्या मनातून ते जाईना.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी शीळफाट्याच्या सिस्टर लाडवांचा डबा घेऊन आल्या. मला राहवेना. त्यांना खिडकीपाशी गाठलं. "सिस्टर, तुम्ही नवीन होतात तेव्हा मी तुमच्याविरुद्ध एक पत्र लिहिलेलं."

"ठाऊक आहे की," त्या म्हणाल्या. "बाईंनी त्याच दिवशी फोन केलेला. म्हणाल्या, आमच्याकडे एक नवीन माणूस आहे. नोकरीच्या भीतीने घाई करतो. तो आता तुला सारखे फोन करून भलतंसलतं विचारेल. वैतागू नकोस, नीट सांगत जा. शिकेल तो."

मी खरंच सारखे फोन करायचो. त्या न वैतागता सगळं सांगायच्या. पुढे मला कायम केलं ते शीळफाट्याच्याच कामाच्या जोरावर. मी समजत होतो, सिस्टरांचा स्वभावच सोशीक.

"मग," त्यांनी डबा पुढे केला, "शिकलात का?"