ओवाळणीचा दगड

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. आमच्या ह्यांच्याजवळसुद्धा नाही — आणि ह्यांना तर मी दूध उतू गेलं तरी चपला काढायच्या आत सांगून मोकळी व्हायचे. बोलकी बाई मी, सगळी कॉलनी जाणते. पण हे एक जिभेवर आलं की मी उठते, चहा टाकते, विषय बदलते. आज चहा नको. बसा.

मला दगडांचा नाद. शाळा सातवीपर्यंतच. पण गंगापूर रोडला आमच्या आजूबाजूला बंगल्यांचे पाये खणायला लागले ना, तेव्हा काळ्या खडकाच्या पोटातून चमकणारे खडे निघायचे. मजूर त्यांना काचा म्हणायचे आणि फेकून द्यायचे. मी पदरात भरून आणायचे. हिरवट, पिकल्या पपईच्या रंगाचे, काही तर नुसत्या सुयांचे झुबके. याला विचार, त्याला विचार करत नावं शिकले. पुढे दर हिवाळ्यात एका शाळेच्या हॉलमध्ये हौशी लोकांचं खड्यांचं प्रदर्शन भरायचं, तिथे मला एक टेबल मिळायला लागलं. आईबाप पोरं घेऊन यायचे. मी टोपलीतली एकेक गारगोटी पोरांच्या तळहातावर ठेवायचे, घरी न्यायला. "दगडवाल्या काकू!" अशी दारातूनच हाक यायची. खरं सांगू? त्या हाकेची मला चटक लागली होती.

येते, मुद्द्यावर येते.

शालन माझी धाकटी जाऊ. सातपूरला राहते, माहेर सिन्नरकडचं. एकुलता एक भाऊ, दत्तू. नव्वदच्या दशकातली शेवटशेवटची वर्षं ती. दत्तू विहीर खोल करत होता, सुरुंग उडाल्यावर कपारीतून एक दगड निघाला — त्यावर पांढऱ्या, बारीक, पाणीदार कांड्यांचं रान माजलेलं. पठ्ठ्यानं भाऊबीजेला तोच ताटात ठेवला. "घे आक्का, साडीपेक्षा भारी हे. इटायचा नाय, फाटायचा नाय." शालननं लोणच्याची काचेची बरणी धुतली, पाणी भरलं आणि दगड त्यात सोडला. मी म्हटलं, पाण्यात कशाला गं? तर म्हणते, "हिरीतला हे ना ताई, सवय आसंल त्याला." आणि स्वतःच हसत सुटली.

त्या हिवाळ्यात मीच तिला म्हटलं, आण तुझी बरणी, ठेव माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर. मोठेपणा दाखवला झालं. आणि काय सांगू — दारातून पोरं आली ती थेट बरणीकडे. खिडकीतलं ऊन पाण्यातून त्या कांड्यांवर पडायचं, पोरं काचेला नाक लावून उभी. एका बाईंनी शालनला विचारलं, मॅडम, हा कुठे मिळाला? शालननं माझा दंड धरून हलवला. "मला मॅडम म्हनल्या ओ!" मग काय, दिवसभर तेच. माझ्या भावानं दिला, ओवाळणी हे, ओवाळणी. माझी गारगोट्यांची टोपली संध्याकाळी जवळजवळ भरलेलीच परत आली.

दुपारी ती वडापाव खायला गेली होती, तेव्हा एक म्हातारे सर आले. आयुष्यभर हेच शिकवलेले. बरणीपाशी वाकून म्हणाले, हा लॉमोंटाइट. ह्याला कोरडं चालत नाही. बाहेरच्या हवेत आतलं पाणी उडून जातं आणि त्याचा भुगा होतो. पांढुरका पडायला लागलाच तर ताबडतोब परत पाण्यात घाला. त्या बाईंना एवढं नक्की सांगा हं.

मी हो म्हटलं.

आणि नाही सांगितलं. विसरले? नाही हो. विसरले असते तर बरं झालं असतं. चैत्रात शालन आली. पाण्याला हिरवट शेवाळ धरतंय ताई, वास येतोय, आणि लोणच्याला बरणी पण लागंल, काय करू? मी तेव्हा कोथिंबीर निवडत होते. मान वरही केली नाही. "काढ की बाहेर. पुसून शोकेसमध्ये ठेव, छान दिसेल."

एवढंच बोलले. किती साधं वाक्य, नाही? माझ्यासारख्या हजार गोष्टी बोलणाऱ्या बाईचं.

तुम्हाला वाटेल, झालं, हीच ती चूक. हीच असती तर मी कदाचित कधीतरी हसत हसत सांगूनही टाकली असती. जावेचा जावेवर जळफळाट, त्यात नवल ते काय! पण अजून आहे.

मे महिन्यात दत्तू गेला. सिन्नरच्या रस्त्यावर मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. मी शालनला भेटायला सातपूरला गेले. माहेराहून परतलेली, रडून रडून आवाज बसलेला. माझा हात धरून तिनं मला शोकेसपाशी नेलं. "आता हाच माझा भाऊ, ताई." मी पाहिलं. कांड्यांची चमक गेली होती, दुधाळ झाल्या होत्या. खाली फळीवर पिठासारखी भुकटी. तिनं ती पदरानं हलकेच टिपली. "धूळ लय बसती कंपन्यांची," म्हणाली.

धूळ नव्हती ती. मला माहीत होतं. त्या क्षणी पाण्यात घातला असता तर बराचसा राहिला असता. बादली मोरीत भरलेली होती — मला अजून दिसते ती, लाल प्लास्टिकची. दोन पावलांवर. शालन, हा पाण्यात घाल, एवढंच म्हणायचं होतं. पण मग ती विचारणार, ताई, तुम्हीच तर काढायला सांगितलात? मग काय सांगणार होते मी?

मी चहा घेतला. तिच्या पाठीवरून हात फिरवला. आणि घरी आले.

दिवाळी आली. ज्या बाईला भाऊ नाही, ती चंद्राला ओवाळते. शालननं ठरवलं, आपण दगडाला ओवाळायचं. पाट मांडला, रांगोळी काढली, निरांजन लावलं. मी तिथे नव्हते. माझ्या भावाकडे गेले होते, माझे तीनही भाऊ जिवंत. शालननं दगड पाटावर ठेवायला म्हणून शोकेसमधून उचलला आणि तो तिच्या हातात बसला. बसला म्हणजे — खचला. बोटांच्या फटीतून खाली गळला.

दुसऱ्या दिवशी ती स्टीलच्या डब्यात तो भुगा घेऊन आली. रडत नव्हती. डबा माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "ताई, तुम्हाला दगडांतलं कळतं. माझं काय चुकलं?"

आता सांगते, ऐका. मी म्हटलं, "जास्त हात लावलास गं. काही हात दगडाला सोसत नाहीत."

तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. पालथे केले, उताणे केले. बराच वेळ.

ती कधी मला टाकून बोलली नाही. प्रदर्शनाला मात्र परत आली नाही. पुढे दत्तूच्या मुलीचं लग्न निघालं, तेव्हा आत्या म्हणून पहिली हळद हिची. तर हिनं वाटी माझ्या हातात दिली. "तुम्ही लावा ताई. माझ्या हाताचं टिकत नाय." सगळ्या बायकांदेखत, हसून. मी लावली हळद.

तेच लोणच्याचं. बरणी तीच आहे, फुटली नाही. दर उन्हाळ्यात शालन कैऱ्या फोडते, मसाला कालवते, तेल कोमट करून ठेवते आणि मला सातपूरला बोलावून घेते. घटकाभराचं काम. बरणी पुढे सरकवते तीही फडक्यानं धरून. "भरा ताई. तुमच्या हाताला यश हे."

ह्या वर्षीही गेले. भरली. तोंडाला फडक्याचा दादरा बांधला.

लोणचं टिकतं. अजून एकदाही बुरशी आलेली नाही.