उन्हात राहिलेले दात

रोज सकाळी सव्वादहाच्या सुमाराला ऊन खिडकीतून टेबलावर उतरलं, की तो हातातला पेपर ठेवून उठायचा आणि टेबलावर असेल नसेल ते सावलीत सरकवायचा. गोळ्यांची पाकिटं, बायकोचा चष्मा, मेणबत्ती. एकदा तर नुसती रिकामी बशीसुद्धा. "तुमचं ऊन आलं बघा," बायको म्हणायची, "बशी करपेल." याहून जास्त तिने कधी विचारलं नाही. ती विचारत नाही याचं त्याला रोज हायसं वाटायचं, आणि त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटायची.

त्याची हयात कवळ्या बनवण्यात गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कपाटात गुलाबी मेणाचे तुकडे आणि उरल्यासुरल्या दातांचा डबा होताच. बायको शाळेच्या ग्रंथालयात होती. पण दोघांची गाठ पडली ती कवळ्यांच्या कारखान्यात, एकाच बाकावर शेजारी शेजारी उमेदवारी करताना.

लग्नाला चाळीस वर्षं झाली त्या रविवारी भाची आली आणि फोन समोर धरून म्हणाली, मामी, तुमची गोष्ट सांग. मामीला ही गोष्ट तोंडपाठ होती. कायमची जागा एकच, उमेदवार दोन. मालकांनी परीक्षा घेतली: वरचे सगळे दात मेणात बसवून दाखवायचे. तिने ते दुपारच्या आत बसवले. जेवणाच्या सुट्टीनंतर मालकांनी साचा हातात घेतला, फिरवून पाहिला आणि म्हणाले, बाई, ही कवळी घालणारा माणूस एका बाजूने हसेल आणि दुसऱ्या बाजूने रडेल.

भाची खो खो हसली.

"माझ्या हातालाच वळण नव्हतं गं," ती म्हणाली. "जागा यांना मिळाली आणि वर्षभराने मी यांना मिळाले. कारखान्याचं नशीब, माझ्या हातून वाचला."

"आणि मामा, तू तेव्हा काय करत होतास?"

"डबा खात होतो," तो म्हणाला. दरवेळी हेच उत्तर असायचं. त्यातला शब्दही खोटा नव्हता.

भाची गेल्यावर ती कपबशा विसळू लागली. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. भाचीच्या फोनमध्ये आता ते वाक्य कायमचं जाऊन बसलं होतं. हाताला वळण नव्हतं. या एका वाक्यावर तिने आयुष्य काढलं होतं. मुलीच्या फ्रॉकची शिवण उसवली तर शेजारणीकडे धाडायची. भिंतीवर खिळा ठोकायचा तर त्याला हाक. ग्रंथालयात फाटकी पुस्तकं चिकटवायचं काम निघालं, तेव्हा तिने ते दुसऱ्या बाईंना देऊन टाकलं. मी वाट लावीन, म्हणाली. तो प्रत्येक वेळी ऐकत होता आणि मूग गिळून बसत होता.

"तुझे दात सरळ होते," तो म्हणाला.

तिने नळ बंद केला.

मग त्याने सांगितलं. सुट्टीत मालकांनी तिला एका डॉक्टरांकडे माल पोचवायला पाठवलं होतं. जाताना ती त्याला म्हणाली होती, लक्ष ठेवा हं जरा. साचा खिडकीच्या फळीवर होता. तो डबा उघडून बसला आणि ऊन फळीवर चढताना त्याने पाहिलं. मेणावर आधी चकाकी आली. मग एका बाजूचे दात हळूच कलले. हात लांब केला असता तर पोचला असता. त्याच्याकडे कारणं होती, घरची, गरजेची. ती त्याने आजही सांगितली नाहीत.

"किती वेळ होता उन्हात?" तिने विचारलं.

"माझा डबा होईपर्यंत."

"सावकाश जेवता तुम्ही."

"हो."

तिने ओले हात पदराला पुसले आणि ती त्या हातांकडे पाहत राहिली, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. रडली नाही, भांडलीही नाही. ती भांडली असती तर बरं, असं त्याच्या मनात आलं आणि आपण आत्ताही आपलंच बरं बघतोय, हे कळून त्याची मान आणखी खाली गेली. तिने नळ पुन्हा सोडला आणि उरलेल्या कपबशा विसळल्या.

सकाळी तो अंघोळ करून आला, तर टेबलावर दातांचा डबा उघडा होता. मेण, जुना साचा, त्याची बारीक सुरी. ती चष्मा लावून बसली होती. पुढचे चार दात बसले होते आणि पाचवा ती चिमटीत धरून फिरवत होती. दात सरळ होते. त्याने समोर बसायचं धाडस केलं नाही. पेपर घेऊन तो कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला, पण एक ओळही वाचली नाही.

सव्वादहाला ऊन टेबलाच्या कडेवर आलं. तो सवयीने उठला, दोन पावलं पुढे आला आणि थांबला. त्या साच्याला हात लावायचा त्याला आता काय हक्क होता? तिने वर पाहिलं नाही. ऊन सुरीपर्यंत आलं.

"अगं," तो म्हणाला, "ऊन येतंय. तेवढं सावलीत घे."