कचेरीतल्या संगणकाची निष्ठा

शाळेच्या कचेरीतला संगणक अर्धा तास झाला तरी पुरता सुरू झाला नव्हता. समोर बसलेल्या वडिलांना मुलीचा दाखला बाराच्या आत नव्या शाळेत द्यायचा होता. मुलगी माझ्याच वर्गातली.

“सर, त्याला चहा पाजा जरा,” ते काळजीतच हसले.

आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रामांची यादी मी पाहिली. निवृत्त सरांचे पंचांग, बदलून गेलेल्या बाईंची चित्रकला, जुन्या लिपिकांचा टंकलेखनाचा सराव. केव्हाच निघून गेलेल्यांची कामे हे यंत्र रोज सकाळी, एकही न गाळता, मांडून ठेवत होते. मी स्तिमित झालो.

एकेक बंद केले. पुन्हा सुरू करताच मिनिटभरात पडदा उजळला. दाखला घेऊन वडील धावले.

हजेरीपटातले तिचे नाव मी कमी केले. उद्या ते तरीही माझ्या तोंडी येणार होते.